डर्ट रॅली २.० : रस्ता अव्वल, बाकीचा संसार अर्धवट?

गिरणाकाठ (भडगाव)

आमचे बी-बियाण्यांचे दुकान आहे आणि खरिपाची गर्दी ओसरली की रात्री नऊनंतर दोन तास माझे स्वतःचे उरतात. भाचा नोकरीसाठी परदेशी जाताना त्याचा संगणक, स्टिअरिंग व्हील आणि पेडल माझ्याकडे ठेवून गेला, आणि त्या संगणकात २०१९ सालचा 'डर्ट रॅली २.०' हा खेळ होता. व्हील मी आईच्या जुन्या शिलाई मशीनच्या टेबलाला आवळले आहे. ब्रेक जोरात दाबला की पेडल शहाबादी फरशीवरून पुढे सरकत जातात, म्हणून त्यांच्यापुढे दादर ज्वारीचे अर्धे पोते आडवे टाकले आहे.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. यात शेजारी दुसरी गाडी नसते. कच्च्या रस्त्यावर आपण एकटे, बाजूला नोंदवही घेऊन बसलेला को-ड्रायव्हर आणि वर चालणारे घड्याळ, एवढाच मामला असतो. प्रत्येक गाडी ठरावीक अंतराने सुटते आणि सर्व टप्प्यांची, म्हणजे स्टेजची, वेळ मिळवून निकाल लागतो.

तीन महिन्यांनंतर माझे मत असे झाले आहे की गाडी रस्त्यावर असेपर्यंत या खेळाला तोड नाही, परंतु गाडी थांबली आणि आपण मेनूत आलो की एखाद्या सरकारी कार्यालयाच्या व्हरांड्यात बसल्यासारखे वाटते. संघ, यंत्रज्ञ, पैसे, दुरुस्ती हे सगळे आहे, पण त्यात जीव नाही. शिवाय नवख्याला हा खेळ काहीही शिकवत नाही. मी पहिल्याच आठवड्यात ताकदवान गाडी निवडली आणि अर्जेंटिनातल्या कातामार्काच्या अरुंद, दगडी रस्त्यावर तिला इतक्या वेळा उलथवली की गाडीचे छत तिच्या चाकांपेक्षा जास्त झिजले असेल.

भाचा म्हणतो, 'मामा, हे सोड आणि २०२३ चा ईए स्पोर्ट्स डब्ल्यूआरसी, म्हणजे जागतिक रॅली स्पर्धेवरचा खेळ, घे.' घ्यावा का? आणि तुम्हांला या खेळाचे बळ कशात दिसते, उणीव कशात दिसते, ते ऐकीव नव्हे तर स्वतःच्या अनुभवातून लिहावे, ही विनंती.

---

पांझरेचा पाहुणा (धुळे)

धागा काढल्याबद्दल आभार. बळ कशात आहे, याचे माझे उत्तर एका शब्दात देता येते : चाकोरी. हा शब्द आपण लेखांतून आणि भाषणांतून वापरून इतका गुळगुळीत केला आहे की त्याचा मूळ अर्थ, म्हणजे चाकांनी पाडलेली खोल रेघ, विसरूनच गेलो. या खेळात ती चाकोरी खरोखर भेटते.

तुमच्या आधी किती गाड्या त्या रस्त्यावरून गेल्या आहेत, त्याप्रमाणे रस्ता बदललेला असतो. तुम्ही पहिले सुटलात तर वरची सुटी खडी तशीच पसरलेली असते आणि गाडी ज्वारीच्या दाण्यांवरून चालल्यासारखी घसरते. काही गाड्यांनंतर सुटलात तर खडी बाजूला सरकलेली असते, खाली टणक जमीन लागते आणि पकड मिळते. फार उशिरा सुटलात तर त्याच जागी खोल चाकोऱ्या पडलेल्या असतात. पोलंडच्या वालुकामय रस्त्यांवर तर चाक एकदा चाकोरीत बसले की गाडी तुमचे ऐकत नाही, ती चाकोरीचे ऐकते. पावसाळ्यात ट्रॅक्टर गेलेल्या शेतरस्त्यावर मोटारसायकल घातलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही.

२०१५ च्या पहिल्या डर्ट रॅलीत हे नव्हते. तिथे रस्ता तुमच्यासाठी नेहमी कोरा असायचा. त्यामुळे माझ्या मते दुसऱ्या भागाची खरी मिळकत हीच आहे. मेनूच्या निर्जीवपणाबद्दल आपल्याशी पूर्ण सहमत आहे.

---

कळण्याची भाकरी (जळगाव)

मी यात भर घालते. गाडीला होणारी इजा हा या खेळाचा दुसरा मोठा गुण आहे, कारण ती केवळ दिसण्यापुरती नसते. रेडिएटरला मार बसला की इंजिन तापते, गिअरबॉक्सला बसला की गिअर अडकू लागतात, आणि काही टप्प्यांनंतर जो दुरुस्तीचा थांबा मिळतो तिथे साधारण ३० मिनिटांचीच मुदत असते. त्या मुदतीत काय दुरुस्त करायचे आणि काय तसेच पुढे ढकलायचे, हा हिशेब महिनाअखेरीच्या घरखर्चासारखा असतो. वेळ ओलांडली तर दंड म्हणून सेकंद वाढतात.

एकदा अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडच्या जंगलात, दिवसाच्या टप्प्यात, माझा डावा दिवा झाडाला लागून फुटला. उजेड होता म्हणून मी लक्ष दिले नाही आणि दुरुस्तीच्या थांब्यावर सगळा वेळ सस्पेन्शनवर घालवला. पुढचा टप्पा रात्रीचा निघाला. उजव्या बाजूची झाडे लख्ख दिसत होती आणि डावीकडे नुसता काळोख, त्यामुळे प्रत्येक डावे वळण मी केवळ को-ड्रायव्हरच्या शब्दावर घेतले. तो टप्पा मी फार सावकाश पूर्ण केला, शेवटून दुसरी आले, आणि तरीही या खेळातला माझा सर्वांत आवडता प्रसंग तोच आहे.

गिरणाकाठ, खेळ शिकवत नाही हा तुमचा आक्षेप मात्र खरा आहे. मिनी कूपर किंवा लान्सिया फुल्व्हिया यांसारख्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या जुन्या, कमी ताकदीच्या गाड्यांपासून सुरुवात करावी, ही साधी गोष्टसुद्धा मला कोणी सांगितली नव्हती.

---

रावेरची केळी

सर्वांनी एकाच सुरात आरती म्हणायला सुरुवात केली आहे, तेव्हा मी थोडा बेसूर होतो.

खडी, माती, चिखल यांवर हा खेळ उत्तम आहे, हे मान्य. परंतु डांबरी रस्त्यावर त्याचे पाय लटपटतात. स्पेनच्या रिबाडेलेसचा टप्पा घ्या. गाडी डांबराला चिकटून आहे असे हाताला कधीच जाणवत नाही. ती रस्त्यापासून बोटभर वर तरंगत असल्यासारखी वळते, आणि पकड सुटते तेव्हा आधी काही सूचना मिळत नाही. सुरुवातीच्या काळात व्हीलमधून हाताला मिळणारा प्रतिसाद फार मुका असल्याची तक्रार तर जगभर झाली होती आणि नंतर तो सुधारावा लागला.

याउलट २००४ साली आलेला 'रिचर्ड बर्न्स रॅली' आजही काढून पाहा. चित्रे जुनाट आहेत, आवाज डबा वाजवल्यासारखा आहे, पण चारही टायर रस्त्याशी काय बोलत आहेत ते कळते. म्हणूनच हौशी लोकांनी त्याला नवे रस्ते आणि नव्या गाड्या जोडत दोन दशके जिवंत ठेवले आहे. ज्याच्या नावाने तो खेळ आहे तो २००१ चा विश्वविजेता २००५ मध्ये गेला. खेळ अजून चालू आहे.

---

पांझरेचा पाहुणा (धुळे)

रावेरकर, डांबराबद्दल तुमचे म्हणणे मी निम्मे मान्य करतो. मात्र रिचर्ड बर्न्स रॅली आज नीट चालवण्यासाठी जी जुळवाजुळव करावी लागते, ती बी-बियाण्यांच्या दुकानातून रात्री नऊला मोकळ्या झालेल्या माणसाला सांगणे म्हणजे भूक लागलेल्याला आधी जाते टाकवून घ्यायला सांगण्यासारखे आहे.

---

रावेरची केळी

जात्यावरच्या पिठाची भाकरी वेगळीच लागते, एवढे बोलून मी थांबतो.

---

अहिराणी एक्सप्रेस (साक्री)

माझी एकच उणीव नोंदवून घ्यावी. को-ड्रायव्हर अहिराणीत बोलत नाही. 'हयू हयू ले भो, मोहरे खड्डा शे!' असे कोणी वेळेवर ओरडले असते तर माझी निम्मी रेडिएटर वाचली असती.

---

भुसावळ जंक्शन

अहिराणी एक्सप्रेस यांनी विनोदाने लिहिले असले तरी या खेळाचा गाभा तोच आहे, म्हणून त्यावर थोडे विस्ताराने लिहितो. मी रेल्वेत इंजिनावर नोकरी करून निवृत्त झालो आहे आणि हा खेळ नातवामुळे माझ्या हाती आला.

आमच्याकडे सहायकाने सिग्नल दिसताच त्याची स्थिती मोठ्याने पुकारायची आणि चालकाने तीच पुन्हा पुकारायची, असा नियम आहे. दोघांनी पुकारले म्हणजे दोघांनी पाहिले. तसेच नव्या मार्गावर गाडी स्वतंत्रपणे चालवण्याआधी त्या मार्गाच्या शिकाऊ फेऱ्या कराव्या लागतात, आणि चढ कुठे आहे, वळण कुठे आहे, सिग्नल कोणत्या झाडाआडून दिसतो हे अंगवळणी पाडावे लागते. त्यामुळे रॅलीतल्या पेस नोट्स, म्हणजे को-ड्रायव्हर वाचून दाखवतो त्या रस्त्याच्या नोंदी, ऐकल्या तेव्हा मला परक्या वाटल्या नाहीत.

या खेळात वळणांना १ ते ६ असे आकडे आहेत. १ म्हणजे फार आवळलेले वळण आणि ६ म्हणजे जवळजवळ सरळ. १ पेक्षाही कठीण असेल तर काटकोन किंवा हेअरपिन असे वेगळे सांगितले जाते. त्याला जोडून वळण पुढे आवळते की सैल होते, उंचवट्यापलीकडे आहे का, आतून कापायचे नाही का, हेही येते. आवाज फिल मिल्स यांचा आहे, जे २००३ मध्ये पेटर सोलबर्ग विश्वविजेते झाले तेव्हा त्यांच्या शेजारी बसत होते, त्यामुळे त्या बोलण्यात खऱ्या कामाची लय आहे.

परंतु रेल्वेच्या पुकारण्यात आणि यात एक मोठा फरक आहे. आम्ही जे दिसते ते पुकारतो. इथे जे अजून दिसत नाही ते पुकारले जाते. तुम्ही एक वळण घेत असता तेव्हा कानात त्याच्या पुढच्या दोन वळणांचे आकडे पडलेले असतात आणि ते लक्षात धरून हात मात्र आत्ताच्या वळणाचे काम करत असतात. सुरुवातीला मी आकडा ऐकला की लगेच स्टिअरिंग फिरवत असे आणि सरळ शेतात जात असे. एके दिवशी खेळताना जुन्या सवयीने मी आकडे परत पुकारू लागलो. 'डावे चार.' 'डावे चार.' नातू हसला, पण त्या दिवसापासून माझी वेळ सुधारली. गिरणाकाठ, हा उपाय करून पाहा. घरचे लोक दोन दिवस विचित्र नजरेने पाहतील, नंतर सवय होते.

आता उणीव. खऱ्या रॅलीत स्पर्धक आधी त्या रस्त्यावरून मर्यादित वेगाने पाहणीच्या फेऱ्या करतात आणि स्वतःच्या नोंदी स्वतः लिहितात. मला ४ वाटणारे वळण दुसऱ्याला ५ वाटू शकते. या खेळात नोंदी तयार मिळतात आणि आपण दुसऱ्याच्या डोळ्यांनी रस्ता शिकतो. शिकाऊ फेरीचा तो संथ, कंटाळवाणा आणि अत्यंत महत्त्वाचा भाग खेळातून वगळला गेला आहे, याची मला खंत वाटते.

---

कळण्याची भाकरी (जळगाव)

भुसावळ जंक्शन, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. परत पुकारण्याचा उपाय आज रात्रीच करणार आहे.

---

शहादेकर

सर्वांनी रस्त्याबद्दल लिहिले, आता मी तारेबद्दल लिहितो. या खेळातली संघ उभारण्याची कारकीर्द आणि रोजची-आठवड्याची आव्हाने इंटरनेट असल्याशिवाय चालत नाहीत. माझ्याविरुद्ध खेळणारे स्पर्धक संगणकानेच चालवलेले असतील, तर मला दूरच्या सर्व्हरशी जोडलेले का राहावे लागते, याचे समाधानकारक उत्तर मला आजवर मिळालेले नाही. संपर्क नसेल तर टाइम ट्रायलसारखे (एकट्याने घड्याळाशी खेळायचे) मोजकेच प्रकार हाती उरतात.

पुण्या-मुंबईत ही तक्रार क्षुल्लक वाटेल. आमच्याकडे वळवाचा पाऊस तापीपलीकडे दिसला तरी इकडे नेट जाते. मागील वर्षी एका दैनंदिन आव्हानात न्यूझीलंडच्या हॉक्स बेचा लांब टप्पा मी माझ्या आयुष्यातल्या सर्वोत्तम लयीत चालवत होतो. त्या आव्हानात एकच प्रयत्न असतो, पुन्हा सुरुवात नाही. शेवटच्या दीड-दोन किलोमीटरवर वीज गेली. पंखा थांबला, पडदा काळा झाला आणि अंधारात हातात नुसते व्हील राहिले. बाहेरून शेजारचे काका विचारत होते, 'तुमचीपण गेली का?' मी त्यांना काय गेले ते सांगू शकलो नाही.

---

पांझरेचा पाहुणा (धुळे)

शहादेकर, विजेचा दोष खेळाच्या माथी मारता येणार नाही, परंतु सतत जोडलेले राहण्याच्या सक्तीबद्दल तुमचा आक्षेप पूर्णपणे रास्त आहे. त्यात आणखी एक काळजी अशी की उद्या ते सर्व्हर बंद झाले तर विकत घेतलेल्या खेळाचा मोठा भाग आपोआप कुलूपबंद होईल.

---

दराबा (एरंडोल)

व्यवहाराचीच गोष्ट निघाली आहे तर सांगतो. मूळ खेळात रॅलीची सहाच ठिकाणे होती : अर्जेंटिना, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, पोलंड, स्पेन आणि अमेरिका. नंतर माँटे कार्लो, स्वीडन, जर्मनी, वेल्स, फिनलंड आणि ग्रीस ही ठिकाणे पैसे घेऊन जोडली गेली, आणि ही सहाही ठिकाणे पहिल्या डर्ट रॅलीत होती. त्यांना नवा रंग दिला हे खरे, पण ज्याने पहिला भाग विकत घेतला होता त्याला आपल्याच घराची घरपट्टी दोनदा भरल्यासारखे वाटले. मला तरी वाटले.

दुसरे असे की एका ठिकाणी मुळात दोनच मोठे रस्ते असतात. तेच उलट दिशेने चालवायचे, तेच अर्धे तोडून चालवायचे, आणि त्यातून १२ टप्पे मोजायचे. शंभर तासांनंतर मला हॉक्स बेतले प्रत्येक कुंपण ओळखीचे झाले आहे.

---

भुसावळ जंक्शन

दराबा यांच्या पहिल्या मुद्द्याशी सहमत आहे, दुसऱ्याशी नाही. भुसावळ ते इगतपुरी हा एकच रस्ता मी किती वर्षे चालवला याचा हिशेब नाही, आणि तरी पावसातला, धुक्यातला आणि मे महिन्यातल्या दुपारचा तो रस्ता मला कधी एकसारखा वाटला नाही. उलट दिशेने तोच रस्ता पूर्णपणे निराळा असतो, कारण चढाचा उतार होतो आणि आवळणारे वळण सैल होते.

---

दराबा (एरंडोल)

साहेब, तुम्हांला त्या फेऱ्यांचा पगार मिळत होता. मी पदरचे पैसे भरले आहेत.

---

भुसावळ जंक्शन

हा मुद्दा बिनतोड आहे.

---

तोरणमाळचा धुका (धडगाव)

किंचित अवांतर, परंतु विषयाला धरूनच. या खेळात ८० च्या दशकातल्या 'ग्रुप बी' या अतिशय ताकदवान रॅली-गटाच्या गाड्या आहेत, जसे की ऑडी स्पोर्ट क्वाट्रो एस१, प्यूजो २०५ टी१६ आणि लान्सिया डेल्टा एस४. जीवघेण्या अपघातांनंतर १९८६ च्या हंगामाअखेर तो गट बंद झाला. त्या का बंद झाल्या हे वाचून कळत नाही, पण खेळात ऑडी घेऊन फिनलंडच्या उंचवट्यांवर एकदा गेलात की पाच मिनिटांत कळते. टर्बोचा जोर आधी येतच नाही, आणि येतो तेव्हा तुमची परवानगी विचारत नाही. हा गुण आहे की दोष, हे मी ठरवू शकलेलो नाही.

दुसरी गोष्ट खेळाची नव्हे, खेळणाऱ्यांची आहे. आमच्या घाटात हल्ली काही तरुण गाडी घेऊन येतात आणि हँडब्रेक ओढून वळणे घेण्याचा प्रयत्न करतात. खेळातला रस्ता स्पर्धेसाठी बंद केलेला असतो. आमच्या घाटात वळणापलीकडे लाकडाची मोळी घेतलेली बाई किंवा शेळ्यांचा कळप असतो. ज्यांना खरी हौस असेल त्यांनी रीतसर स्पर्धेत उतरावे. नाशिकला राष्ट्रीय पातळीवरच्या रॅली झालेल्या आहेत, आणि २०१९ मध्ये रॅलीचालक गौरव गिल यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, जो मोटरस्पोर्टमधल्या खेळाडूला मिळालेला पहिलाच होता. म्हणजे या वेडाला आपल्याकडेही प्रतिष्ठेची वाट आहे.

---

अहिराणी एक्सप्रेस (साक्री)

शेळ्यांच्या कळपासाठी १ ते ६ पैकी कोणता आकडा पुकारावा?

---

तोरणमाळचा धुका (धडगाव)

आकडा नाही. थांबायचे.

---

कळण्याची भाकरी (जळगाव)

मूळ प्रश्न मागे राहिला आहे, म्हणून तिकडे वळते. गिरणाकाठ, मी ईए स्पोर्ट्स डब्ल्यूआरसी वर्षभर खेळले आहे. त्याच्याकडे जागतिक स्पर्धेचा अधिकृत परवाना आहे, त्यामुळे खऱ्या संघांच्या आजच्या गाड्या आणि कितीतरी जास्त देश मिळतात. डर्ट रॅली २.० चे पूर्ण टप्पे सुमारे ८ ते १६ किलोमीटरचे आहेत, तर तिथे ३० किलोमीटरच्या आसपासचे टप्पे आहेत, आणि त्या लांबीमुळे थकवा हाही एक प्रतिस्पर्धी होतो. डांबरावरची पकडही मला अधिक विश्वासार्ह वाटली, हे रावेरकरांच्या समाधानासाठी नोंदवते.

पण तो खेळ अनरियल या नव्या गेम इंजिनावर (खेळ ज्यावर बनवतात त्या सॉफ्टवेअरवर) बांधलेला असल्याने संगणकाकडून बरेच जास्त मागतो, आणि सुरुवातीला ऐन वळणावर चित्र अडखळण्याची तक्रार सर्वत्र होती. माझ्या मध्यम ग्राफिक्स कार्डावर ते अडखळणे कमी झाले, थांबले नाही. रॅलीत अर्ध्या सेकंदाचे अडखळणे म्हणजे झाड. शिवाय २०२५ मध्ये निर्मात्यांनी या मालिकेचे पुढील काम थांबवत असल्याचे जाहीर केले, तेव्हा त्यात आता नवी सुधारणा येईल या आशेवर पैसे घालू नयेत.

भाच्याचा संगणक किती जुना आहे, यावर सगळे अवलंबून आहे.

---

रावेरची केळी

माझे समाधान झाले आहे, याची नोंद घ्यावी.

---

गिरणाकाठ (भडगाव)

सर्वांचे मनापासून आभार. संगणक २०१८ चा आहे असे भाच्याने कळवले, त्यामुळे नवा खेळ तूर्त घेत नाही.

कळण्याची भाकरी यांच्या सांगण्यावरून फुल्व्हिया घेतली आणि भुसावळच्या साहेबांच्या सांगण्यावरून प्रत्येक आकडा मोठ्याने परत पुकारला. काल रात्री हॉक्स बेचा १६ किलोमीटरचा टप्पा पहिल्यांदाच न उलटता पूर्ण झाला. वेळ सांगण्यासारखी नाही. मधेच पंक्चर झाले आणि शेवटचे तीन किलोमीटर रिमवर काढले, पण दराबा यांनी उल्लेख केलेली कुंपणे मला अजून अनोळखी आहेत, त्यामुळे रस्ता कंटाळवाणा होण्यास बराच अवकाश आहे. मेनूबद्दलचे माझे मत बदललेले नाही. 'डावे चार, डावे चार' ऐकून आई स्वयंपाकघरातून विचारत होती की दुकानात चार पिशव्या कमी पडल्या का.

आता एक नवी अडचण आली आहे. पोत्यातली दादर या आठवड्यात दळायला जायची आहे आणि शिलाई मशीन आईला गोधडीसाठी हवे आहे. पेडल पुढे सरकू नयेत यासाठी दुसरे काय लावता येईल?

---

शहादेकर

मशीन गेले की टेबल भिंतीशी न्या आणि पेडल सरळ भिंतीलाच टेकवा. माझे दोन वर्षे तसेच आहेत. फक्त पोपडे उडतात, तेवढे घरच्यांना आधी सांगून ठेवा.